प्लग नाही, मग प्लग-इन कशाला?

ब्रिटनमधल्या मराठी घरांत नव्या गाडीचा विषय निघाला की एक सल्ला हमखास मिळतो. "घरी चार्जिंगची सोय नाही ना? मग पूर्ण इलेक्ट्रिकच्या फंदात पडू नका. सरळ प्लग-इन हायब्रिड घ्या. जमलं तर चार्ज करा, नाही जमलं तर पेट्रोल आहेच." शोरूममधले विक्रेते हेच सांगतात, ऑफिसातले सहकारी हेच सांगतात. आता हा युक्तिवाद पुण्या-मुंबईतही ऐकू येऊ लागला आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जर बसवू देत नाहीत, तोवर प्लग-इन हायब्रिड हाच मधला मार्ग, आणि सरकारनं तिला करसवलत द्यावी, असं त्याचं भारतीय रूप.

सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, आणि वरवर पाहता सल्ला बिनतोड वाटतो. एका गाडीत दोन सोयी आहेत, एक हुकली तर दुसरी हाताशी आहे. तरीही हा सल्ला मुळातून चुकीचा आहे, असं माझं ठाम मत आहे. तो ऐकून माणसं हजारो पौंड जादा मोजतात, त्यांचा इंधनाचा खर्च कमी होत नाही, हवाही स्वच्छ होत नाही, आणि ज्या अडचणीमुळे हा पर्याय निवडला ती अडचण जागच्या जागी राहते. कारण साधं आहे. प्लग-इन हायब्रिड ही रोज रात्री प्लगला लावण्यासाठी बांधलेली गाडी आहे. आज बाजारात मिळणाऱ्या गाड्यांपैकी घरच्या प्लगची सर्वांत जास्त गरज हिलाच आहे, पूर्ण इलेक्ट्रिक गाडीपेक्षाही जास्त. आणि नेमकी हीच गाडी, ज्याच्याकडे प्लग नाही त्याच्या गळ्यात मारली जाते.

हे आधी गाडीच्या रचनेतूनच पाहू. रस्त्यावरच्या बहुसंख्य प्लग-इन हायब्रिडमध्ये बॅटरी लहान असते. वापरता येणारी वीज धरा दहा युनिट. एका युनिटवर साधारण पाच किलोमीटर, म्हणजे पूर्ण चार्जवर पन्नास किलोमीटर. ऑफिसला जाऊन येणं, मुलांना शाळेत सोडणं, वाटेत वाणसामान एवढ्यात ती संपते. दुसऱ्या दिवशी विजेवर चालायचं तर त्याच रात्री पुन्हा चार्ज करायला हवी. ती भरायलाही वेळ लागतो, कारण यांतल्या बऱ्याच गाड्यांचा आतला चार्जर साडेतीन किलोवॉटच्या आसपास असतो. रस्त्यावरचा खांब सात किलोवॉट देत असला तरी गाडी त्यातली निम्मीच घेते, म्हणजे तीन तास गेले. हायवेवरचे जलद चार्जर बहुतेक प्लग-इन हायब्रिडना जोडताच येत नाहीत. काही नव्या मॉडेलांत ती सोय आली आहे, पण पन्नास किलोमीटरसाठी जलद चार्जरची वाट धरणं परवडत नाही.

आता पूर्ण इलेक्ट्रिक गाडी घ्या. बॅटरी साठ युनिटची, एका चार्जवर तीनशे किलोमीटर. आठवड्याचं फिरणं अडीचशे किलोमीटर असेल, तर शनिवारी सुपरमार्केटच्या आवारात जलद चार्जरला लावायची, भाजी-किराणा घेऊन बाहेर येईपर्यंत आठवड्याचं काम झालेलं असतं. म्हणजे घरी प्लग नसलेल्या माणसाला एका गाडीसाठी आठवड्यातून एकदा चार्जर शोधावा लागतो आणि दुसरीसाठी जवळपास रोज. सल्ला देणारे त्याला नेमकी दुसरी गाडी घ्यायला सांगतात.

रोज चार्जर शोधणं म्हणजे काय, हे ज्यांच्या दारात ड्राइव्हवे आहे त्यांना सहसा ठाऊक नसतं. स्लाऊ, हाउन्स्लो किंवा रेडिंगमधला एखादा जुना रस्ता डोळ्यांसमोर आणा. दोन्ही बाजूंना एकमेकांना चिकटून उभी असलेली घरं, समोर फूटपाथ, त्याला लागून रेसिडेंट परमिटवर उभ्या केलेल्या गाड्या. आपल्या दारासमोर जागा मिळेलच याची खात्री नाही. मिळाली तरी घरातून केबल काढून फूटपाथवरून न्यायची सोय नसते, कारण चालणारा अडखळून पडला तर जबाबदारी अंगावर येते. दिव्याच्या एखाद्या खांबाला चार्जर बसवलेला असतो, पण त्याच्यासमोर संध्याकाळपासून कुणाची तरी डिझेल गाडी उभी असते, आणि बऱ्याच ठिकाणी ती जागा विजेच्या गाड्यांसाठी राखीवही नसते. मग कोपऱ्यापलीकडचा खांब. डिकीतून जाड केबल काढायची, पावसाळी हवेत ती ओली आणि चिखलाळलेली असते. ॲप उघडायचं, कोड स्कॅन करायचा, कधी ॲप अडतं, कधी खांबच बंद असतो. तीन तासांनी, रात्री दहाच्या सुमारास, पुन्हा बूट घालून खाली उतरायचं आणि गाडी हलवायची, कारण दुसरा कुणी रांगेत असतो किंवा जास्त वेळ उभं राहण्याचा दंड सुरू होतो. तोवर घरासमोरची जागा गेलेली असते. एवढं सगळं करून हाती येतात पन्नास किलोमीटर, आणि उद्या संध्याकाळी पुन्हा पहिल्यापासून. नोकरी, मुलं, स्वयंपाक सांभाळणारा माणूस हे काही आठवडे करतो. मग एका संध्याकाळी केबल डिकीतच राहते, आणि पुढे ती तिथेच राहते. यात त्याचा आळस नाही. ज्या कामाचा मोबदला श्रमाच्या मानानं नगण्य आहे, ते काम कुठलाही शहाणा माणूस सोडून देतो.

बरं, श्रम केले तर पैसे तरी वाचतात का? हिशेब मांडून पाहा. ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या साध्या चार्जरचा दर युनिटला पन्नास पेन्सच्या वर गेलेला आहे. तो चोपन्न धरा. युनिटला पाच किलोमीटर म्हणजे किलोमीटरला जवळपास अकरा पेन्स. पेट्रोल लिटरला १.३५ पौंड धरा. बॅटरी रिकामी असलेली प्लग-इन हायब्रिड लिटरला चौदा किलोमीटर देते असं मानलं, तर किलोमीटरला साडेनऊ-पावणेदहा पेन्स पडतात. म्हणजे पावसात भिजत, खांब शोधत भरलेली वीज त्याच गाडीतल्या पेट्रोलपेक्षा महाग पडते. आणि शेजारच्याची साधी, प्लग नसलेली हायब्रिड, लिटरला वीस किलोमीटर देणारी, पावणेसात पेन्समध्ये तेवढंच अंतर कापते.

आता ज्याच्या दारात प्लग आहे त्याचा हिशेब. रात्रीच्या खास दरानं त्याला युनिट आठ पेन्सला मिळालं तर किलोमीटरला दीड-पावणेदोन पेन्स. महिन्याला हजार किलोमीटर विजेवर चालवली तर त्याचे सोळा पौंड जातात. तेवढ्याच अंतराला रस्त्यावरच्या खांबावर चार्ज करणाऱ्याचे एकशे आठ. गाडी तीच, शहर तेच, खर्च पावणेसात पट. दर बदलतील तसे हे आकडे पुढेमागे होतील, पण त्यांचा परस्परांशी असलेला क्रम सहजी बदलणारा नाही. प्लग-इन हायब्रिडचा सगळा फायदा घरच्या स्वस्त विजेत दडलेला आहे. ती वीज काढून घेतली की उरतं एक जड, महाग पेट्रोलवाहन.

"हा तुमचा कागदी हिशेब झाला, प्रत्यक्षात लोक चार्ज करतात," असं कुणी म्हणेल. प्रत्यक्षात काय घडतं याचा पुरावा आता भरपूर जमा झाला आहे, आणि त्यातला काही ब्रिटनमधलाच आहे. मित्सुबिशी आउटलँडरची प्लग-इन आवृत्ती २०१४ मध्ये इथे आली. अधिकृत चाचणीप्रमाणे तिचं मायलेज गॅलनला १४८ मैल, म्हणजे लिटरला बावन्न किलोमीटरच्या आसपास. सरकारी अनुदान आणि कंपनीच्या गाडीवर मिळणारी करसवलत यांमुळे ती आणि तिच्यासारख्या गाड्या धडाधड खपल्या. २०१८ मध्ये ताफ्यांच्या इंधनखर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या एका सल्लागार संस्थेनं सुमारे दीड हजार गाड्यांच्या नोंदी तपासल्या. जाहिरातीतलं सरासरी मायलेज गॅलनला १३० मैलांच्या घरात होतं, तर नोंदींत निघालेलं ३९ मैलांच्या आसपास. काही गाड्यांच्या चार्जिंग केबल प्लॅस्टिकच्या वेष्टनातून बाहेरही निघाल्या नव्हत्या. त्याच वर्षी सरकारनं प्लग-इन हायब्रिडचं अनुदान बंद केलं.

युरोपचं चित्र वेगळं नाही. २०२१ पासून युरोपीय संघात नव्या गाड्यांना प्रत्यक्ष इंधनवापर मोजणारी यंत्रणा सक्तीची झाली, त्यामुळे आता प्रयोगशाळेच्या आकड्यावर विसंबावं लागत नाही. युरोपीय आयोगानं मार्च २०२४ मध्ये या नोंदींचा अहवाल प्रसिद्ध केला. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांचं प्रत्यक्ष उत्सर्जन चाचणीतल्या आकड्यापेक्षा सुमारे २० टक्क्यांनी जास्त निघालं. प्लग-इन हायब्रिडचं निघालं सरासरी साडेतीन पट. आयोगानं कारणही स्पष्ट दिलं: या गाड्या गृहीत धरल्या होत्या तितक्या चार्ज होत नाहीत आणि तितक्या विजेवर चालत नाहीत.

गृहीतकाचा हा भाग समजून घेण्यासारखा आहे, कारण शोरूममध्ये दाखवला जाणारा आकडा त्यातूनच जन्मतो. चाचणीत गाडी आधी भरलेल्या बॅटरीवर चालवतात, मग रिकाम्या बॅटरीवर, आणि दोन्ही निकालांची एका ठरलेल्या प्रमाणात सांगड घालतात. ते प्रमाण असं मानून चालतं की मालक ७० ते ८५ टक्के अंतर विजेवर कापेल, म्हणजेच रोज इमानेइतबारे चार्ज करील. अर्थात स्वतःचा प्लग असलेला, नियमित दिनक्रमाचा माणूस या सूत्राच्या पोटात बसलेला आहे. तुमच्याकडे प्लग नसेल तर त्या कागदावरचा आकडा तुमच्यासाठी लिहिलेलाच नाही. हे सूत्र फार उदार होतं हे युरोपीय संघानंही मान्य केलं असून २०२५ पासून ते टप्प्याटप्प्यानं कडक केलं जात आहे. त्याच गाड्या, त्याच बॅटऱ्या, पण कागदावरचं उत्सर्जन वाढलेलं दिसू लागलं आहे, कारण आता हिशेब वस्तुस्थितीच्या जवळ आला.

इथे प्रतिपक्षाचा एक मुद्दा प्रामाणिकपणे मांडायला हवा. कंपनीच्या गाड्यांचे आकडे खासगी मालकांना लावू नका, असं ते म्हणतात, आणि फरक खरोखर मोठा आहे. जर्मनीची फ्राउनहोफर संस्था आणि स्वच्छ वाहतुकीवर संशोधन करणारी आयसीसीटी यांनी २०२२ मध्ये सुमारे नऊ हजार गाड्यांचा अभ्यास मांडला. त्यात खासगी मालकांचं ४५ ते ४९ टक्के अंतर विजेवर झालेलं दिसलं, कंपनीच्या गाड्यांचं अवघं ११ ते १५ टक्के. मग खासगी मालक निम्मं अंतर तरी विजेवर चालतात, हे काय कमी आहे?

ज्यांच्याकडे प्लग आहे त्यांच्यासाठी कमी नाही. पण हा फरक कशामुळे पडला ते पाहा. कंपनीच्या गाडीच्या चालकाला पेट्रोलचे पैसे कंपनी देते, घरच्या विजेचे बहुधा स्वतःला भरावे लागतात. केबल लावण्यात त्याचा फायदा नाही, म्हणून तो लावत नाही. खासगी मालकाला घरची स्वस्त वीज खुणावते, म्हणून तो लावतो. माणसाचा स्वभाव दोन्हीकडे सारखाच आहे, वेगळा आहे तो खिसा. आता सांगा, ज्याच्या घरी प्लग नाही आणि ज्याला रस्त्यावरची वीज पेट्रोलपेक्षा महाग पडते, तो या दोघांपैकी कुणासारखा वागेल? खासगी मालकांची सरासरी दाखवून त्याला गाडी विकणं म्हणजे दुसऱ्याच्या घरच्या प्लगवर त्याचा सौदा करणं आहे.

"प्लग नसला तरी गाडी चालता चालता स्वतः चार्ज होते की," हाही एक लोकप्रिय समज आहे. ब्रेक दाबल्यावर गाडीचा वेग विजेत बदलून बॅटरीत जातो हे खरं. पण ही करामत साध्या हायब्रिडमध्येही असते, तिच्या एक-दोन युनिटच्या बॅटरीत, आणि तिथे ती उत्तम चालते. त्यासाठी दहा-बारा युनिटची बॅटरी, केबल आणि चार्जर यांचे पैसे मोजण्याची गरज नाही. दुसरं, अनेक प्लग-इन गाड्यांत इंजिनानं बॅटरी भरण्याचं बटण असतं. ते दाबलं की पेट्रोल जळतं, त्याची शक्ती जनरेटरमधून बॅटरीत जाते, बॅटरीतून मोटरला, मोटरमधून चाकांना. प्रत्येक टप्प्यावर काही भाग उष्णता होऊन वाया जातो. तेच पेट्रोल थेट चाकांना दिलं असतं तर कमी लागलं असतं. प्लग नसलेल्या मालकाला हे बटण सोय म्हणून दाखवलं जातं. प्रत्यक्षात ते पेट्रोलपासून महाग वीज बनवतं.

मग निदान साध्या पेट्रोल गाडीपेक्षा तरी ती बरी, असं म्हणावं का? बॅटरी, मोठी मोटर आणि त्यांची जोडणी यांमुळे गाडीचं वजन दीड-दोनशे किलोंनी वाढतं. बॅटरीला जागा हवी म्हणून बऱ्याच मॉडेलांत डिकी लहान होते, पेट्रोलची टाकीही आखडते. विजेवर चालत नसेल तर हे सगळं ओझं इंजिन ओढतं. सर्व्हिसिंग इंजिनाचं करावं लागतंच, शिवाय उच्च दाबाच्या विद्युत यंत्रणेची देखभालही आली. काही मॉडेलांत हिवाळ्यात आतली हवा गरम करायची म्हटलं तरी इंजिन सुरू होतं, भरलेली बॅटरी असताना. किंमत मात्र साध्या हायब्रिडपेक्षा हजारो पौंडांनी जास्त. ज्याला प्लगच नाही त्याच्यासाठी साधी हायब्रिड हलकी, स्वस्त आणि पेट्रोल कमी पिणारी आहे. प्रतिपक्षानं तुलना जुन्या डिझेल गाडीशी न करता हिच्याशी करावी. तिथे त्यांच्याकडे उत्तर नाही.

ब्रिटनमध्ये हा तोटा यापुढे वाढणार आहे. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारनं जाहीर केलं की एप्रिल २०२८ पासून विजेच्या गाड्यांवर मैलाला तीन पेन्स कर लागेल, आणि प्लग-इन हायब्रिडवर दीड पेन्स. विजेवर चालणारे पेट्रोलवरचा कर भरत नाहीत, त्याची भरपाई म्हणून हा निम्मा दर. पण जो चार्जच करू शकत नाही, तो पंपावर पेट्रोलचा पूर्ण कर भरेलच, आणि न वापरलेल्या विजेपोटी दर मैलामागे दीड पेन्स वर देईल. साध्या हायब्रिडवर हा मैलाचा कर नाही. प्लग-इनचा सल्ला देणाऱ्यांनी हा हिशेब ग्राहकापुढे ठेवलाच पाहिजे.

"सगळं मान्य, पण हे संक्रमणाचं वाहन आहे. लोकांना विजेची सवय लागेल, पुढची गाडी ते पूर्ण इलेक्ट्रिक घेतील." हा मुद्दा दिसायला दूरदृष्टीचा आहे. पण सवय लागण्यासाठी चार्ज करावी तर लागेल! ज्याला विजेच्या गाडीची ओळख बंद पडलेले खांब, ओल्या केबल आणि पेट्रोलपेक्षा महाग बिलं यांतून होते, तो पुढच्या खेपेला विजेकडे वळणार नाही, तो कायमचा विटेल. "मी वापरून पाहिली आहे, काही खरं नाही," असं तो चारचौघांत सांगेल, आणि स्वतःच्या अनुभवापुरतं त्याचं म्हणणं खरंच असेल. शिवाय नव्या निव्वळ पेट्रोल-डिझेल गाड्यांची विक्री ब्रिटन २०३० मध्ये थांबवणार असलं तरी हायब्रिड आणि प्लग-इन हायब्रिडना २०३५ पर्यंत मुभा आहे. या पाच वर्षांत प्लग नसलेल्यांची घरं अशा गाड्यांनी भरली, तर त्यांची चार्जिंगची मागणीच दिसेनाशी होईल. "त्यांचं पेट्रोलवर चाललंय ना," असं म्हणायला महापालिका मोकळ्या.

माझा खरा राग आहे तो इथे. प्लग-इनचे समर्थक म्हणतात की आमच्यासारखे टीकाकार फ्लॅटवाल्यांना आणि भाडेकरूंना वाऱ्यावर सोडतात, बंगलेवाल्यांनी विजेवर फिरावं आणि बाकीच्यांनी पेट्रोल जाळावं असं सुचवतात. हा आरोप मी फेटाळतो, कारण फ्लॅटवाल्यांवरचा अन्याय झाकण्याचं काम प्लग-इनचा सल्लाच करतो. ब्रिटनमध्ये घरच्या विजेवर ५ टक्के व्हॅट आहे, रस्त्यावरच्या चार्जरच्या विजेवर २० टक्के. ज्याच्याकडे ड्राइव्हवे आहे त्याला कर कमी, ज्याच्याकडे नाही त्याला चौपट. देशातल्या सुमारे एक तृतीयांश घरांना स्वतःची पार्किंगची जागा नाही, आणि त्यांत भाडेकरू, तरुण कुटुंबं, नुकतेच आलेले स्थलांतरित जास्त आहेत. आपले अनेक लोकही त्यांतच आहेत. फ्लॅट असेल तर इमारतीच्या मूळ मालकाची आणि व्यवस्थापनाची परवानगी लागते, ती महिनोन्‌महिने मिळत नाही. या माणसांना दुप्पट गुंतागुंतीचं इंजिन विकून हा प्रश्न सुटत नाही. व्हॅट समान करून, फूटपाथमध्ये केबलसाठी झाकलेली खाच बसवून, रस्त्यावरचे चार्जर वाढवून तो सुटतो. खाचेची सोय आज अस्तित्वात आहे, २०२५ मध्ये इथल्या सरकारनं त्यासाठी अडीच कोटी पौंड जाहीर केले. त्या निधीतून आपल्या रस्त्यावर काम कधी होणार, हे आपल्या कौन्सिलरला विचारणं हा गाडी निवडण्याइतकाच महत्त्वाचा निर्णय आहे.

हे स्वप्नरंजन नव्हे. फ्रान्समध्ये एका दशकाहून अधिक काळ फ्लॅटधारकाला आणि भाडेकरूला स्वतःच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या खर्चानं चार्जिंगचा प्लग बसवण्याचा कायदेशीर हक्क आहे. इमारतीच्या मंडळाला विरोध करायचा असेल तर गंभीर कारण घेऊन न्यायालयात जावं लागतं. जर्मनीनं डिसेंबर २०२० पासून कायदा बदलून मालक आणि भाडेकरू दोघांनाही असा हक्क दिला. दोन्ही देशांनी ओझं कुणाच्या खांद्यावर टाकलं ते पाहा: नकार देणाऱ्यानं कारण सिद्ध करायचं, मागणाऱ्यानं विनवण्या करायच्या नाहीत.

पुण्या-मुंबईच्या वाचकांशी याचा थेट संबंध आहे. भारतात आज प्लग-इन हायब्रिड मोजक्या आहेत आणि त्या बीएमडब्ल्यू एक्सएमसारख्या कोटींच्या गाड्या आहेत. पण हायब्रिडना विजेच्या गाड्यांच्या रांगेत बसवण्याचा आग्रह वाढतो आहे. उत्तर प्रदेशनं २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला, तेव्हा वाहन उद्योगातच दोन तट पडले. सप्टेंबर २०२५ च्या बदलानंतर विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे आणि मोठ्या हायब्रिडवर ४० टक्के. "सोसायट्यांत चार्जिंग नाही, म्हणून प्लग-इनला सवलत द्या" ही मागणी याच फटीतून आत येते. युरोपनं ही चूक करून पाहिली, पैसे मोजले आणि मोजमाप करून ती मान्य केली. आपण तीच चूक नव्यानं करण्याचं काही कारण नाही.

कारण आपल्या सोसायटीतली अडचण काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. मॅनेजिंग कमिटी ना हरकत पत्र देत नाही. आग लागेल, लोड वाढेल, कॉमन मीटरचं बिल कोण भरणार, एकाला दिलं तर सगळे मागतील, जनरल बॉडीत ठराव येऊ द्या. आता लक्षात घ्या: प्लग-इन हायब्रिडला हवा असतो तो साधा पंधरा ॲम्पिअरचा सॉकेट, मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत योग्य जाडीची केबल, एमसीबी, अर्थिंग आणि सब-मीटर. रोजच्या वापराच्या इलेक्ट्रिक गाडीलाही रात्रभरात एवढंच पुरतं. जी कमिटी हा सॉकेट इलेक्ट्रिक गाडीला देत नाही, ती प्लग-इन हायब्रिडला काय म्हणून देईल? आणि दिला, तर प्लग-इनची गरज काय उरली? केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वं घरच्या जोडणीवरून गाडी चार्ज करायला मुभा देतात. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात नव्या इमारतींची पार्किंग चार्जिंगसज्ज असावी असा आग्रह आहे. उरल्या जुन्या सोसायट्या, आणि बहुसंख्य लोक त्यांतच राहतात. त्यांच्यासाठी फ्रान्स-जर्मनीसारखा स्पष्ट हक्क हवा. करसवलतीचा पैसा कुठे घालायचाच असेल, तर तो जुन्या इमारतींच्या वायरिंगमध्ये घाला. एकदा टाकलेली केबल पुढच्या तीन-चार गाड्यांना पुरते.

प्लग-इन हायब्रिड ही वाईट गाडी आहे, असं माझं म्हणणं नाही. ज्याच्या दारात प्लग आहे, रोजचं अंतर कमी आहे आणि महिन्यातून एखादा लांबचा प्रवास आहे, त्याला ती शोभते. घरी प्लग नसला तरी ऑफिसच्या पार्किंगमध्ये रोज, खात्रीनं आणि माफक दरात चार्जिंग मिळत असेल, तर तो ऑफिसचा प्लगच घरच्या प्लगचं काम करतो. मात्र नोकरी बदलली तर तो प्लग जातो आणि गाडीचे हप्ते चालू राहतात, हे लक्षात ठेवून निर्णय घ्यावा.

बाकी सगळ्यांना माझं सांगणं एवढंच. रोज रात्री ही गाडी कुठे आणि किती दरानं चार्ज होणार, याचं ठोस उत्तर तुमच्याकडे नसेल, तर प्लग-इन हायब्रिड घेऊ नका. पैसे वाचवायचे असतील तर साधी हायब्रिड घ्या, ती आपलं काम चोख करते. धुराचं मनावर घेतलं असेल आणि आठवड्यातून एकदा जलद चार्जरला जाणं जमणार असेल, तर मोठ्या बॅटरीची पूर्ण इलेक्ट्रिक घ्या. तिला रस्त्यावरची वीज महाग पडेल हे खरं, पण निदान तुम्ही मोजलेल्या जादा पैशांतून एक लिटरही पेट्रोल जळणार नाही. आणि गाडी कुठलीही घ्या, प्लगची मागणी सोडू नका. ब्रिटनमध्ये ती कौन्सिलकडे आणि घरमालकाकडे लेखी करा, महाराष्ट्रात सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर आणा. नकार मिळाला तर तोही लेखी मागा. असे लेखी नकार साठले की, अडचण आपल्या गाडीच्या निवडीत नसून आपल्याला नाकारल्या गेलेल्या सॉकेटमध्ये आहे, हे कायदा करणाऱ्यांना दाखवून देता येतं.